ओंदीनाचा चष्मा आणि माझे बूट

आमच्या ओंदीनाच्या पायांना आजवर जितक्या माणसांनी हात लावलाय, तितक्या माणसांनी माझ्या सगळ्या नोकरीत मला हात जोडून नमस्कारसुद्धा केलेला नाही. ती माझी मुलगी, वय दीड वर्षं. मी सांता आना शहरातल्या शाळेत मुलांना भूगोल शिकवतो, ती कुणाला काहीच शिकवत नाही, तरी मान तिला. माझी तक्रार नाही. उलट गल्लीचे आभार मानावेत म्हणूनच हे लिहायला बसलोय. तोंडाने मानायला गेलो की कोपऱ्यावर पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, विकणाऱ्या त्रान्सितोबाई, आमच्या भाषेत दोन्या त्रान्सितो, मला मध्येच तोडून "चीजच्या देऊ की घेवड्याच्या?" असं विचारतात, आणि आभार राहून जातात.

सुरुवात डोळ्यापासून झाली. ओंदीनाचा डावा डोळा नाकाकडे वळायचा. लांबचा डोंगर बघताना सरळ असायचा, पण जवळचं काही पुढे आणलं की आत जायचा. मला आधी हे डोळ्याचं दुखणं वाटलंच नाही. मला तो माझा अपमान वाटायचा. मी लाडाने तोंड पुढे केलं की ती माझ्या कानामागे कुठेतरी बघत बसायची. चित्रांचं पुस्तक उघडलं की मान फिरवायची. मी बोलायला लागलो की समोरच्याने खिडकीबाहेर बघायचं, याची भूगोलाच्या मास्तराला सवय असते. पण ती शाळेत. घरी येऊनही तेच म्हणजे जरा जास्त झालं.

शेवटी माझी बायको नोएमी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि मीही मागोमाग गेलो. डॉक्टर मेहीया या मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी थेंब घातले, उजेड टाकून बघितलं, आणि म्हणाल्या, "हिला जवळचं दिसत नाही. बघायला जोर लावते म्हणून डोळा आत जातो. चष्मा लागेल. जागी असेल तोवर डोळ्यांवर हवा."

"आणि नाही घातला तर?" मी विचारलं.

"तर हा डोळा बघायचं सोडून देईल. एकदा सोडलं की पुढे कुठलाही चष्मा उपयोगाचा नाही. पावसाळा संपला की दाखवायला आणा, तेव्हा कळेल."

त्या वाक्याने माझे पाय गार पडले ते पार पावसाळा संपेपर्यंत गारच होते.

आता गल्लीला ही बातमी कळली, म्हणजे नोएमीने दोन्या त्रान्सितोंना सांगितली. मग सल्ले सुरू झाले. "पण तिने सांगितलं का, मला दिसत नाही म्हणून?" हा पहिला प्रश्न गॅरेजवाल्या चेपेचा. त्याच्या आईचं म्हणणं, गाजर द्या. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचं म्हणणं, नाक अजून बसकं आहे, नाक येईपर्यंत थांबा, चष्मा ठेवणार कशावर? हा मुद्दा सगळ्यांत मूर्खपणाचा म्हणून मी सोडून दिला आणि पुढे तोच एकटा खरा निघाला. माझा शाळेतला सोबती एलिसेओ गणित शिकवतो, त्यामुळे तो प्रत्येक गोष्टीत पुढचा हिशोब करतो. तो म्हणाला, "अर्नुल्फो, वाढत्या अंगाचा घे. शाळेत जाईपर्यंत टिकला पाहिजे. आणि सोनेरी धातूचा घे, भारदस्त दिसतो."

मला ते पटलं. आमच्या घरात सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. माझा लग्नातला कोटसुद्धा वाढत्या अंगाचा होता, आणि आत्ता कुठे बरोबर बसायला लागलाय. मी बाजारातल्या एका दुकानातून सोनेरी काड्यांचा, बिजागऱ्यांचा, चांगला ऐसपैस चष्मा घेऊन आलो. नोएमी म्हणाली, "हा तिचा आहे की महापौरांचा?" घरच्या मुलीने चारचौघांत भारदस्त दिसावं अशी बापाची इच्छा असली तर त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

तो चष्मा ओंदीनाच्या कानांवर टेकला, नाकावरून घसरत ओठांवर आला आणि तिथेच राहिला. ती त्याच्या वरून आमच्याकडे बघायला लागली, एखादे न्यायाधीश कागदांवरून आरोपीकडे बघतात तशी. मी वर ढकलला. तो खाली आला. रात्री जेवणापर्यंत आम्ही दोघं हेच करत होतो. पुढे तिला कळलं की काडी चोखता येते. त्याच्या पुढे कळलं की चष्मा फेकता येतो. तिची फेक किती लांब जाते हे मला तोवर माहीत नव्हतं. एका रविवारी संध्याकाळी दोन्या त्रान्सितोंच्या तव्यासमोर बसलेलो असताना चष्मा नाहीसा झाला. बाकाखाली शोधला, कुत्र्याच्या पोटाखाली शोधला. शेवटी तो सापडला तो आमच्या मुख्याध्यापकांच्या ताटात, पुपुसाशेजारच्या कोबीच्या लोणच्यात. दोन्यांनी बरणीतून पळीभर वाढलं आणि त्यात तो आला. मुख्याध्यापकांनी तो हळूच काट्याने उचलला आणि म्हणाले, "मास्तर, हा तुमचा का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या कुणाचा म्हणून सांगणार होतो?

एका बिजागरीत कोबी अडकला तो निघालाच नाही.

मग आम्ही ग्लेंदाबाईंकडे गेलो. त्या लहान मुलांचेच चष्मे करतात. त्यांनी माझा सोनेरी चष्मा दोन बोटांत धरून उलटासुलटा पाहिला, हुंगला, आणि विचारलं, "मास्तर, हा चष्मा कुणाला आवडला होता?"

"मला," मी म्हणालो.

"मग तुम्हीच घाला." असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि ओंदीनाला टेबलावर बसवलं. "हिला नाक नाही. म्हणजे आहे, पण त्यावर काही टेकवता येईल एवढं नाही. तेव्हा मधला भाग खाली आणि रुंद हवा. बिजागरी नको, धातू नको, सगळं मऊ रबरासारखं एकसंध. ही दिवसातून दहादा आडवी होते, काड्या लांब असल्या तर उशीला लागून चष्मा पुढे येतो. त्यापेक्षा डोक्यामागून पट्टा. आणि डोळा बरोबर काचेच्या मध्यात आला पाहिजे, वाढत्या अंगाचं वगैरे इथे चालत नाही. पोरगी वाढली की चष्मा बदलायचा. अजून एक, आपण सगळे तिच्यापेक्षा उंच. ती जगाकडे खालून वर बघते. काच भुवयांपर्यंत नसेल तर ती चष्म्याच्या वरून बघणार, म्हणजे घातला काय, नाही काय."

एवढ्या साध्या गोष्टी मला सुचल्या नव्हत्या. मी जगाचे नकाशे शिकवतो, पण माझ्या घरात कोण कुणाकडे कुठून बघतं याचा नकाशा मी कधी काढला नव्हता. मी ग्लेंदाबाईंना म्हटलं, "द्या असा एक. शक्यतो काळा किंवा तपकिरी."

त्यांच्याकडे त्या मापाचा एकच होता. त्याचा रंग पिकलेल्या पपईचा होता.

मी म्हटलं, मागवता येईल का? त्या म्हणाल्या, येईल की, महिनाभरात, तोवर डोळ्याला थांबायला सांगा. मी पपईला हो म्हटलं.

चष्म्याचे पैसे मिळायचे तर आमच्या शिक्षक सहायता मंडळाची मंजुरी लागते. तिथला कारकून सज्जन माणूस, पण नियमाला धरून. तो म्हणाला, "चष्मा कशासाठी, वाचनासाठी?"

"नाही. ती चौदा महिन्यांची आहे."

"म्हणजे तिला वाचता येत नाही."

"नाही."

"बरोबर. तेच इथे लिहायचं असतं." आणि त्याने लिहिलं: चष्म्याविना वाचता येत नाही. "आता चष्मा घालून वाचता येतं का?"

"साहेब, ती बाळ आहे. चष्मा घालूनही येणार नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग मंडळाने चष्मा द्यायचा कशाला?"

मी भिंतीकडे बघून मनात आकडे मोजले. नोएमीने मात्र ओंदीनाला सरळ त्याच्या टेबलावर बसवलं. नियमाप्रमाणे त्याने अक्षरांचा तक्ता तिच्यासमोर धरला. तिने तक्त्याचा कोपरा तोंडात घातला आणि त्याच्याकडे बघून हसली. कारकून दोन मिनिटं नियम विसरला. "मला फार आवडली हो ही," असं म्हणून त्याने तिच्या गालाला हात लावला, आणि शिक्का मारला.

हा हात लावण्याचा प्रकार आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कुणाचं बाळ आवडलं तर त्याला हात लावायचा, ही आमच्याकडची साधी माणुसकी. नुसतं कौतुकाने बघून पुढे निघून गेलं तर बाळाला दृष्ट लागते. ते किरकिर करतं, दूध टाकतं. हात लावला की दृष्ट लागत नाही. त्यामुळे बाळ घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत कुणीही थांबवतं, "थांबा, आवडलं मला हे" म्हणतं, हात लावतं आणि आपल्या कामाला जातं. भूगोलाचा शिक्षक म्हणून माझा यावर विश्वास नाही. बाप म्हणून आहे.

पपईरंगी चष्मा ओंदीनाच्या तोंडावर असा बसला की जन्माला येतानाच घेऊन आली असावी. घातल्यावर ती स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून बोटं बघत बसली. मग जमिनीवर मुंगी दिसली, तिच्यामागे बराच वेळ रांगली. नोएमी स्वयंपाकघरात जाऊन रडून आली आणि कांदा चिरत होते म्हणाली. घरात कांदा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला मोठ्या तोऱ्यात बाजारात नेलं, आणि घात झाला. साधं बाळ शंभरातल्या वीस माणसांना आवडतं. पपईरंगी चष्म्यातलं बाळ शंभरच्या शंभर जणांना आवडतं. आणि आवडलं की हात. आणि हात कुठे? जे आवडलं तिथे, म्हणजे तोंडावर, चष्म्याच्या आसपास. पीठ मळणारीचा हात, मासळीवालीचा हात, केळी तळणारीचा हात. चेपे तर गाडीखालून सरपटत बाहेर आला, हात पॅन्टला पुसून आला, तरी त्याचा अंगठा डाव्या काचेवर उमटला तो उमटलाच. घरी आलो तेव्हा त्या काचांतून काहीही दिसणं शक्य नव्हतं. मी पुसायचो, कोपऱ्यापर्यंत जायचो, पुन्हा तेच. ओंदीनाला धुक्यातून बघायचा कंटाळा आला आणि ती चष्मा ओढून काढायला लागली. डावा डोळा परत आत जायला लागला. मला डॉक्टर मेहीयांचं वाक्य रोज सकाळी दात घासताना आठवायचं.

तेव्हा मी शिकलेल्या माणसाला शोभेल असा उपाय केला. जाड पुठ्ठा घेतला, नकाशाला नावं घालतो त्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, "कृपया हात लावू नये," आणि तो ओंदीनाच्या गळ्यात बांधला.

चेपेने वाचलं आणि विचारलं, "का मास्तर, रंग ओला आहे?"

मला वाटलं होतं लोक रागावतील. रागावले असते तर मी तोंड दिलं असतं. पण तसं झालं नाही. चेपेने माझ्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि ओंदीनाकडे न बघता परत गाडीखाली गेला. समोरच्या पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र उंच धरलं. मासळीवालीने पाठ फिरवली आणि पाठमोरीच मला भाव सांगितला. दोन्या त्रान्सितो तर तव्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी विचारलं, "दोन्या, काय झालं?"

"काही नाही मास्तर. पोरीला घेऊन जा."

"चुकलं का माझं काही?"

"नाही हो. तुमची मुलगी, तुम्ही म्हणाल तसं. पण माझी नजर जड आहे, आईनेच सांगितलं होतं मला. हात लावायचा नसेल तर मी बघणार नाही. तिला काही झालं तर मला जेवण जायचं नाही." आणि त्या तशाच पाठमोऱ्या पुपुसा थापत राहिल्या.

सगळ्या गल्लीने हेच ठरवलं होतं, आणि ते कुणी एकमेकांना सांगितलंही नव्हतं. हात लावता येत नाही, तर बघायचं नाही. आमच्या पोरीच्या भल्यासाठी.

काच त्या दिवशी लख्ख होती. ओंदीना माझ्या कडेवरून वाकून वाकून तोंडं शोधत होती. तिला नुकतीच तोंडं दिसायला लागली होती, आणि तिच्यासमोर सगळे अंबाडे, मानेच्या घड्या आणि शर्टाच्या पाठी. कोपऱ्यापर्यंत तिने वाट पाहिली. मग दोन्ही हातांनी चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. फेकला असता तर बरं वाटलं असतं. तिने तो परत केला, बघण्यासारखं काही नाही म्हणून. घरापर्यंत येताना मला इतकी भीती वाटली की मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून चालत होतो.

नोएमीने सगळं ऐकून घेतलं. पुठ्ठा सोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि केरात टाकले. मग ओंदीनाचे बूट काढले, मोजे काढले.

"हे काय करतेस?"

"लोकांना हातच लावायचा आहे ना? मग तोंडालाच लावला पाहिजे असं कुठे आहे? पाय तिचेच आहेत."

ती तशीच तिला घेऊन कोपऱ्यावर गेली, मी मागे. गल्लीत दृष्टीच्या बाबतीत दोन्या त्रान्सितोंचा शब्द शेवटचा. नोएमीने तव्यासमोर प्रश्न मांडला. दोन्यांनी हात पुसले, विचार केला, एक पुपुसा करपू दिली. पोस्टमास्तर खुर्ची घेऊन आले. चेपे म्हणाला, "पण पाय लांब आहे ना डोळ्यांपासून, पोचेल का?"

"तुझ्याएवढ्या घोड्याचा असता तर लांब होता," दोन्या म्हणाल्या. "हिचं सगळं मिळून एक वीत आहे. पाय चालेल. पाय म्हणजे बाळच." आणि नोएमीकडे बोट करून म्हणाल्या, "पण बूट-मोजे चालायचे नाहीत, आत्ताच सांगते. उघड्या पायाला हात लागला पाहिजे. बुटाला हात लावला तर बुटाची दृष्ट उतरेल, पोरीची नाही."

असं म्हणून त्या तिच्याकडे वळल्या, पोटभर बघून घेतलं, वाकल्या, आणि तिच्या अंगठ्याला हात लावला. ओंदीना त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्या खिशातून अर्धा बाहेर आलेला पपईरंगी पट्टा तिने स्वतःच ओढला.

त्या दिवसापासून आमच्याकडे हे चाललंय. पोस्टमास्तर गुडघे धरून वाकतात. मासळीवाली एका हाताने माप धरते आणि दुसऱ्याने पायाला हात लावते. चेपेने हात धुवायला साबण घेतला, असं त्याच्या आईने सगळ्यांना सांगितलं. कॅथेड्रलमध्ये लोक येशूच्या पायांना हात लावून पुढे जातात, तशी संध्याकाळी आमच्या दारावरून रांग जाते. पाय दिवसभर काळे असतात, काचा स्वच्छ असतात. मंडळाच्या कारकुनाला मी रस्त्यात भेटलो तेव्हा त्यालाही नियम समजावून सांगितला, आणि त्याने तो लगेच पाळला.

ओंदीना चालायला लागली तेव्हा तिला वाटलं, जगाची रीतच ही. जे आवडेल त्याच्याकडे नीट बघायचं, खाली बसायचं आणि पायाला हात लावायचा. कुत्र्याच्या पंजाला लावला. दोन्यांच्या कोंबडीला लावायला गेली, कोंबडीने परवानगी दिली नाही. नोएमीच्या पायाला तर रोज. माझ्या पायाला कधी नाही. मी घरातही बूट घालून असतो, चांगले पॉलिश केलेले, नाड्या बांधलेले. मास्तराने कसं राहावं याबद्दल माझी काही मतं आहेत. माझ्यापाशी ती यायची, बुटांशी थांबायची आणि निघून जायची. मी कुणाला बोललो नाही, पण मनाला लागायचं.

पाऊस संपला आणि आम्ही तिला दाखवायला घेऊन गेलो. डॉक्टर मेहीयांच्या दाराबाहेर गर्दी होती. मी बाकावर बसलो होतो, नोएमी नाव द्यायला गेली होती. माझं लक्ष सगळं दारावर, आत काय सांगतील त्यावर. ओंदीना माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि तिने मान वर केली.

ती माझ्याकडे बघत होती. कानामागे नाही. माझ्याकडे, हातभर अंतरावरून, दोन्ही डोळ्यांनी, आणि दोन्ही सरळ होते. माझ्या मिशीपासून सुरुवात करून तिने कपाळापर्यंत सगळं सावकाश बघितलं, परत मिशीपर्यंत आली. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे आजवर कुणीही बघितलेलं नाही, कुठल्याही वर्गात.

मग ती खाली बसली आणि माझ्या बुटाला हात लावला.

समोरच्या बाकावर एक म्हातारी होती, तिला मी ओळखत नव्हतो, ती मला ओळखत नव्हती. ती म्हणाली, "बुटावरून नाही चालत हो, साहेब."

मी नाड्या सोडल्या. दोन्ही बूट काढले, मोजे काढले. डाव्या मोज्याला भोक होतं ते सगळ्यांनी बघितलं. ओंदीनाने माझ्या अंगठ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. माझे पाय तिच्या हाताखाली गरम झाले.

वर बघितलं तर दारात डॉक्टर मेहीया उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. "मी बघितलं," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांनी बघते ती. आता मला तपासायला फार काही उरलेलं नाही. या आत." मग त्यांची नजर खाली गेली. "मास्तर, बूट का काढलेत?"

"तिला मी आवडलो," मी म्हणालो. "दृष्ट लागायला नको."

डॉक्टर मेहीयांनी मान हलवली आणि दार पूर्ण उघडून धरलं. मी बूट बाकाखाली ठेवले आणि ओंदीनाचं बोट धरून तसाच अनवाणी आत गेलो.